दूधसागर : राजकन्येचा पडदा आणि धनेशाचे घर

डोंगरमाथ्यावरून दुधाची घागर लवंडावी तसा हा धबधबा दिसतो, म्हणून नाव दूधसागर. गोवा-कर्नाटक सीमेवर, भगवान महावीर अभयारण्यात तो आहे. उंची सुमारे 310 मीटर, म्हणजे हजार फुटांहून अधिक. पाणी चार टप्प्यांत खडकांवर आपटत उतरते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि सारे पांढरेशुभ्र दिसते. पुढे हेच पाणी खांडेपार नदीतून मांडवीला मिळते.

लोककथा या पांढऱ्या रंगाचे कारण निराळे सांगते. घाटावर एका राजाचा महाल होता. त्याची कन्या रानातल्या तळ्यात अंघोळ करी आणि मग सोन्याच्या सुरईतून साखर घातलेले दूध पिई. एके दिवशी झाडाआड एक राजपुत्र तिच्याकडे पाहत उभा! अंगावर पुरते कपडे नव्हते. दूध समोर ओतले गेले आणि त्या धारेचाच पडदा झाला. कथा ती कथाच. पण आमच्या घरातल्या मुलींना फार आवडली. राजपुत्राने नजर खाली का घेतली नाही, असे धाकटीने विचारले. प्रश्न रास्त होता.

आम्ही कुळेहून जीपने गेलो. वाटेत ओढे लागतात, शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायी. समोर आल्यावर तोंडून फक्त ‘सुबहानअल्लाह’ निघाले. तुषार दुरूनच अंगावर येतात. धबधब्याच्या मधून रेल्वेचा पूल जातो. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळी हा मार्ग घाटातून काढला गेला.

तरी आमचे मन रमले ते जंगलात. उंच फांद्यांवरून झेपावणारे शेकरू, जे आपल्या महाराष्ट्राचे राज्यप्राणी आहे. गवा हा गोव्याचा. ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर माणसासारखाच वाटतो. आणि धनेश! याची मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. कित्येक आठवडे नर तिला आणि पिल्लांना त्या फटीतून भरवतो. वर्गात हे सांगितले की मुले गप्प होतात. धनेश फळे खाऊन बिया दूरवर टाकतो, त्यातून नवी झाडे उगवतात. जुनी, ढोलीची झाडे तोडली तर तो घर करणार कुठे?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. येथून दुसरा लोहमार्ग नेण्याची योजना होती. गोव्यातील तरुणांनी 2020 पासून विरोध केला, आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मार्गाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली.

जाणाऱ्यांनी एवढे पाहावे : पावसाळ्यात जीप बंद असतात, साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात. रुळांवरून चालत जाण्यास मनाई आहे. माकडे खाऊच्या पिशव्या हिसकावतात, तेव्हा डबा बॅगेतच ठेवा. लहान मुलांना लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात सोडू नका.