भट्टी घेताना आधी खोली बघा

"गटासाठी भट्टी घ्यायची आहे," असं मी बैठकीत म्हटलं आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघून हसायला लागल्या. आपल्या भंडारा जिल्ह्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकायला लागला की भट्टी म्हणजे एकच गोष्ट! एका मैत्रिणीचे यजमान तर म्हणाले, "वहिनी, दारूबंदीच्या मोर्च्यात पुढे तुम्हीच होत्या ना?"

दारू नाही हो, पाक! मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं शासनाने २०२१ मध्ये उठवली. घरी दारू गाळणं मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आजही गुन्हाच आहे. आम्हाला करायचा होता फुलांचा गोड पाक. फुलं धुवायची, पराग काढायचा, उकळायचं, गाळायचं आणि ते पाणी मंद आचेवर आटवायचं.

घरच्या शेगडीवर ४० लिटरचा गंज ठेवून पाहिला. दोन तास झाले तरी उकळी नाही. शिवाय त्या शेगडीचे पाय काही एवढं ओझं पेलायला केलेले नसतात. गंज कलंडला असता तर? मग गेलो बाजारात. दुकानदार भाऊ म्हणाले, "ही घ्या ताई, जास्त दाबाची. अर्ध्या तासात खदखदेल." ज्योत अशी सणसणीत, की आम्ही खूश! खोली किती मोठी, हे ना त्यांनी विचारलं, ना आम्ही सांगितलं.

अंगणात वारा होता, म्हणून भट्टी आतल्या खोलीत मांडली आणि दारंखिडक्या लावून घेतल्या. पाऊण तासाने एकीचं डोकं दुखायला लागलं, दुसरीला मळमळ. "मोहाच्या वासानं भोवळ आली असेल," असं म्हणत आम्ही ढवळतच होतो. ती खाली बसली तेव्हा घाबरलो. आधी बाहेर मोकळ्या हवेत नेलं, मग दवाखान्यात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खिडकी उघडी होती का?"

दोष मोहाचा नव्हता. एक किलो गॅस पूर्ण जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत हवा असते २८ घनमीटर. म्हणजे किलोभर गॅसला जवळजवळ अर्ध्या खोलीची हवा हवी, आणि अशी भट्टी तासाभरात तेवढा गॅस सहज ओढते. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणूनच तो घातकी. आमच्या गंजाचं बूड काळंकुट्ट झालं होतं, ज्योतीची टोकं पिवळी पडली होती. खुणा डोळ्यांसमोर होत्या, पण वाचता आल्या नाहीत. त्यात गंज ज्योतीला अगदी टेकलेला. ज्योत थंड भांड्यावर दाबली गेली तरी गॅस नीट जळत नाही.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. पाकाला शेवटी मंद आच लागते. जास्त दाबाची भट्टी फार बारीक केली की विझते, आणि विझली तर गॅस तसाच बाहेर येत राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नुसती वरची खिडकी उघडून तो जात नाही, खालून दार उघडं हवं. वास आला तर विजेच्या बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

म्हणून घरात किंवा पडवीत वापरायची असेल तर कमी दाबाची, रुंद तोंडाची, एका बर्नरची भट्टी मागा. लोखंडी बैठक जड आणि बुटकी असावी. दुकानातच पेटवून दाखवायला सांगा, अगदी बारीक करून बघा. ज्योत निळी राहिली पाहिजे. जास्त दाबाच्या भट्टीला रेग्युलेटरही वेगळा लागतो, घरचा तिथे चालत नाही आणि तिचा घरच्या शेगडीला लावायचा नाही. नळी आयएसआय शिक्क्याची घ्या, पाच वर्षांनी बदला. आणि हो, माल विकायचा असेल तर घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर वापरणं बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. महाग पडतो हे खरं, पण पाकाची किंमत ठरवताना तो धरायलाच हवा. आपण बायका स्वतःची मेहनत धरत नाही तशी गॅसचीही धरत नाही!

पहिली भट्टी दुकानदाराने परत घेतली नाही. ती आता लग्नकार्यात मोकळ्या मांडवात जाते, भाड्याने. पाकाची भट्टी आहे मागच्या पडवीत, दोन बाजू उघड्या, वाऱ्याच्या बाजूला फक्त एक पत्रा. पाक उतरायला तासभर जास्त लागतो. तेवढ्या वेळात बायका दुसऱ्या दिवशीची फुलं निवडतात. भोवळ आलेली ती मैत्रीणही असते, पण पडवीत पाय ठेवला की आधी गंजाच्या बुडाशी वाकून ज्योतीचा रंग बघते.