पडद्यावरचा पत्ता, घरातला संगणक

लंडनच्या एका मोठ्या दुकानात नोकरी करणारी रोझ. एका रात्री दुकानाच्या तळघरात प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन तिच्या अंगावर चालून येतात आणि स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवणारा एक अनोळखी माणूस तिला वाचवतो. हा आहे तरी कोण? रोझ आपल्या मित्राच्या, मिकीच्या संगणकापुढे बसते. नुसते ‘डॉक्टर’ लिहून काय हाती लागणार? पण त्याला ‘निळी पेटी’ हे शब्द जोडताच एक साधीसुधी वेबसाइट उघडते. तिच्यावर त्याच माणसाचा फोटो असतो आणि प्रश्न असतो, याला कुणी पाहिले आहे का?

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका १९६३ मध्ये सुरू झाली आणि १९८९ मध्ये थांबली. २६ मार्च २००५ रोजी ती नव्याने सुरू झाली, त्या पहिल्याच भागातला हा प्रसंग. वेबसाइट चालवणारा क्लाइव्ह हा बायको-मुलासह राहणारा चारचौघांसारखा माणूस. १९६३ मधली केनेडींची हत्या, १९१२ मधली टायटॅनिक, १८८३ मधला क्राकाटोआचा ज्वालामुखी, अशा प्रत्येक ठिकाणी डॉक्टर दिसल्याचे पुरावे त्याने जमवलेले असतात.

खरी गंमत पुढेच आहे. बीबीसीने ही वेबसाइट इंटरनेटवर खरोखरच उघडली होती. मालिका पाहून उठलेला प्रेक्षक घरच्या संगणकावर तीच शोधू शकत होता. भागाच्या शेवटी क्लाइव्ह मारला जातो. मग वेबसाइटची सूत्रे मिकीच्या हाती येतात. म्हणजे कथा पडद्यावर संपली तरी संगणकावर चालूच!

यात व्यवहारही आहे. अमेरिकी चित्रपटांत पात्रांचे फोन नंबर बहुधा ५५५ या आकड्यांनी सुरू होतात, कारण खरा नंबर दाखवला तर कुणा बिचाऱ्याचा फोन दिवसभर खणखणत राहील. वेबसाइटचेही तसेच. पडद्यावर दिसलेला पत्ता कुणीतरी टाकून पाहणारच. मग तो निर्मात्यांनी स्वतःकडेच ठेवलेला बरा.

अमेरिकेतल्या ‘लॉस्ट’ मालिकेने तर कमालच केली. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत ओशनिक कंपनीचे ८१५ क्रमांकाचे विमान एका बेटावर कोसळते. या काल्पनिक विमान कंपनीची वेबसाइट निघाली. ‘हान्सो फाउंडेशन’ या मालिकेतल्याच संस्थेचीही चकचकीत वेबसाइट आली. २००६ मध्ये विमानातल्या एका काल्पनिक प्रवाशाच्या नावावर ‘बॅड ट्विन’ ही कादंबरी दुकानांत आली आणि तिच्यात आपली बदनामी झाल्याची तक्रार करणाऱ्या हान्सोच्या जाहिराती चक्क खऱ्या वर्तमानपत्रांत झळकल्या!

मालिका पाहणाऱ्याला हा खेळ कळतो. पण मालिका न पाहिलेला एखादा मुलगा चुकून अशा पानावर पोहोचला तर? आता या दोन वेबसाइट शेजारी ठेवून पाहा. क्लाइव्हची दिसायला हौशी, तऱ्हेवाईक. पण कथेत तिच्यातली माहिती खरी ठरते. हान्सोची देखणी, मानवजातीच्या कल्याणाची भाषा बोलणारी. पण कथेत त्या मुखवट्यामागे काळी कृत्ये दडलेली. रूपावरून खरेखोटे ठरवता येत नाही, हे या मालिकांनी हसतखेळत सांगितले.

रोझने काय केले? पान वाचून ती थांबली नाही. ते लिहिणारा कोण, हे पाहायला ती गेली. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाकडे तिला एकटीने जाऊ द्यायला मिकी तयार नव्हता, म्हणून तो सोबत गेला आणि बाहेर गाडीत बसून राहिला. धोका क्लाइव्हकडून आला नाही, तर रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्याने मिकीलाच गिळले, ही कथाकाराची खोडी! पण आपल्या मुलांना सांगण्यासारखे दोन्ही धडे त्यात आहेत: लिहिणारा कोण ते विचारा, आणि अनोळखी दारी एकटे जाऊ नका.