आवाज काळोखा कसा होतो?

पावसाळ्यात वीज अगदी जवळ पडली, तर 'काड्' असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येतो. तीच वीज चार-पाच किलोमीटरवर पडली, तर लांबत जाणारा गडगडाट ऐकू येतो. असे का होते, हे आपण वर्गात सांगतोच. विजेच्या लांबलचक वाटेच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज आपल्यापर्यंत मागेपुढे पोहोचतो, डोंगर-इमारतींवरून परततो, आणि वाटेत हवा त्यातील उच्च कंपनसंख्येचे भाग अधिक शोषून घेते. उरतो तो खालचा, घुमणारा भाग. हे साधे उत्तर मला मध्यंतरी अगदी निराळ्या ठिकाणी उपयोगी पडले.

आमच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याने मला काही ध्वनिमुद्रणे ऐकायला दिली. त्यांत संथ ट्रॉम्बोन होता, खोलवर घुमणारे इलेक्ट्रॉनिक आवाज होते, आणि मधूनच व्हायोलिनसारखे काहीतरी होते. पाच मिनिटांत मी ते बंद केले आणि म्हणालो, "हे संगीत नव्हे, भुताच्या सिनेमातला गोंगाट आहे." त्याने शांतपणे विचारले, "सर, यातला नेमका कोणता भाग गोंगाट आहे?" ध्वनीवर व्याख्याने देणाऱ्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. निरीक्षण न करताच मी निष्कर्ष काढला होता. म्हणून मग ते पुन्हा, कान देऊन ऐकले.

हे संगीत कोठले?

याला 'डार्क जॅझ' म्हणतात. हॉलंडमधील उट्रेख्त शहरात २००० साली जेसन कोनेन आणि गिडियन कीर्स यांनी 'द किलिमांजारो डार्कजॅझ एन्सेम्बल' हा वाद्यवृंद सुरू केला. मुर्नाऊचा 'नोस्फेराटू' (१९२२), फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' (१९२७) अशा मूकपटांना नवे संगीत द्यावे, ही मूळ कल्पना. संगणकावर घडवलेले आवाज आणि प्रत्यक्ष वाजवलेली वाद्ये यांची त्यात सांगड असते. जर्मनीतील 'बोरेन उंड डेर क्लुब ऑफ गोर' हा वृंद इलेक्ट्रॉनिक साधने कमी वापरतो, पण वातावरण तेच. त्याचा 'सनसेट मिशन' हा संग्रहही २००० सालचाच.

या आवाजाला 'काळोखा' असे डोळ्यांचे विशेषण का लागते? ऐकताना मला त्यामागे चार गोष्टी सापडल्या.

अधिस्वर गाळले की

कोणत्याही वाद्याच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे अधिस्वर निघतात. तंबोऱ्यातला 'स्वयंभू गांधार' हा असाच पाचपटीचा अधिस्वर. वरचे अधिस्वर भरपूर असले की आवाज लख्ख वाटतो, कमी असले की मंद. 'बोरेन'च्या वादनात ऐकू येणारा ऱ्होड्स पियानो याचे चांगले उदाहरण आहे. त्यात तारा नसतात. हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर पडते आणि काडीशेजारी एक जड पट्टी असते. म्हणजे हा एक भुजा बारीक असलेला नादकाटाच! काडीची कंपने विद्युतचुंबकीय साधन टिपते. नादकाट्याप्रमाणेच यालाही हलक्या हाताने वाजवले की अधिस्वर फार थोडे येतात.

इलेक्ट्रॉनिक संगीतात हेच काम गाळणी मंडल करते. १० किलोओहमचा रोध आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र एवढ्यावर सुमारे १६०० हर्ट्झच्या वरचे आवाज क्रमाने क्षीण होऊ लागतात. पलीकडच्या गल्लीतून वरात जाताना सनईआधी ढोल ऐकू येतो, तिथे भिंती हेच काम करतात. वरचे अधिस्वर नसले की आपला मेंदू समजतो, आवाज दूरचा आहे किंवा आडोशामागचा आहे.

निनाद

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या सभागृहात व्याख्याने कळेनात, म्हणून वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे काम आले. तिथे आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता, म्हणजे आधीचे शब्द विरण्यापूर्वीच पुढचे येऊन आदळत. शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून पसरत सॅबाइनने शोधले की खोली जितकी मोठी आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके कमी, तितका निनाद लांबतो. व्याख्यानाला जो दोष, तो या संगीताला हवा असतो. लहानशा खोलीत वाजवलेला ट्रॉम्बोन संगणकाच्या साहाय्याने कित्येक सेकंद रेंगाळत ठेवला जातो. कान त्यावरून अंदाज बांधतो की जागा प्रचंड आहे आणि रिकामी आहे.

खालच्या पट्टीतली खरखर

दोन स्वरांच्या कंपनसंख्या अगदी जवळ असल्या, तर आवाज डुलतो. फरक सेकंदाला वीस-तीसच्या घरात गेला की डुलणे वेगळे मोजता येत नाही, खरखर जाणवते. आता पांढरी एक हा सा धरू. मधल्या सप्तकाच्या वरच्या सप्तकात सा ५२३ आणि शुद्ध ग ६५९ हर्ट्झचा. फरक १३६, म्हणून जोडी गोड लागते. हीच जोडी दोन सप्तके खाली घेतली, तर १३१ आणि १६५. फरक फक्त ३४! तीच जोडी आता गढूळ वाटते. डार्क जॅझमध्ये अनेक स्वर मुद्दाम याच खालच्या भागात एकत्र ठेवलेले असतात. ज्याला मी 'गोंगाट' म्हटले, त्यातला बराचसा भाग हाच होता.

लय

दोन ठोक्यांतील अंतर सुमारे दोन सेकंदांच्या पलीकडे गेले की त्यांना एका साखळीत बांधणे आपल्याला जड जाते. विलंबित ख्यालातही मात्रा खूप लांब असू शकते, पण तबलजी ती भरत असतो. 'बोरेन'च्या वादनात ती जागा बहुतेक रिकामीच राहते. पुढचा ठोका कधी येईल, याची वाट पाहण्यात ताण निर्माण होतो.

भौतिकशास्त्र कोठे थांबते?

थोडक्यात, कानाला बातमी मिळते ती अशी: काहीतरी मोठे, दूरचे, संथ आणि न दिसणारे. पण याला 'भीतिदायक' म्हणायचे, हे कोणी ठरवले?

डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसमध्ये माइल्स डेव्हिसने लुई माल यांच्या एका गुन्हेगारी चित्रपटासाठी, पडद्यावर दृश्ये पाहत, बहुतांशी आयत्या वेळी सुचेल तसा ट्रम्पेट वाजवला. रात्रीच्या रस्त्यांवरून एकटी भटकणारी नायिका आणि तो ट्रम्पेट! असे चित्रपट पाहत आलेल्या श्रोत्याला संथ जॅझ म्हणजे रात्र, एकटेपणा, गुन्हा हे समीकरण पाठ झालेले असते. किलिमांजारो वृंदाची सुरुवातही चित्रपटांपासूनच झाली, हे आपण पाहिलेच.

हे पडताळण्यासाठी मी तेच ध्वनिमुद्रण, नाव न सांगता, माझ्या वडिलांना ऐकवले. पन्नास वर्षे ख्याल ऐकलेले, इंग्रजी सिनेमा न पाहणारे ते गृहस्थ. डोळे मिटून त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "कुणीतरी पहाटे खर्ज लावत बसलाय. बरं वाटलं." मला भूत दिसले, तिथे त्यांना साधना ऐकू आली. दोघांच्या कानांवर पडलेल्या लहरी एकच होत्या. एका श्रोत्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण माझा निष्कर्ष मोडायला एक अपवाद पुरेसा होता.

वर्गात करून पाहा

१. शाळेच्या पेटीवर सा आणि ग एकदम वाजवा, आधी वरच्या सप्तकात, मग सर्वांत खालच्या. कोणती जोडी खरखरते, ते मुलांना सांगू द्या आणि मग फरकाचे गणित फळ्यावर मांडा.

२. रेडिओवर एखादे गाणे लावून त्यावर जाड गोधडी घाला. आधी काय नाहीसे झाले? शब्दांतले 'स', 'श' कुठे गेले?

३. अशा संगीताची तीन मिनिटे ऐकवा. नाव सांगू नका, 'भयाण' वगैरे शब्द आधी सुचवू नका. प्रत्येकाने कागदावर दोन ओळी लिहाव्यात: पहिलीत कानांना काय ऐकू आले, दुसरीत मनाला काय वाटले. पहिल्या ओळी बऱ्याच जुळतील, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या किती जुळतात, ते मोजून पाहा.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिले ते दोन आठवड्यांनी. "गोंगाट म्हणावा असा भाग मला दाखवता येत नाही," असे सांगितले आणि पुढचे ध्वनिमुद्रण मागून घेतले.