पेवात उतरण्याआधी थांबा

मी हिंजवडीत कोड लिहितो, पण आजचा विषय गावाकडचा. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती.

बंद पेवात धान्य श्वास घेतं. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणूनच किडे मरतात, माल टिकतो. पण माणसाचं काय? हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. तो 10 टक्क्यांखाली गेला की काही कळायच्या आत शुद्ध हरपते. वाससुद्धा येत नाही.

मग दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. म्हणून आधी तोंड उघडून भरपूर हवा खेळू द्या. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं हवीतच. कुणी पडलं तर वरूनच ओढा, 112 लावा. आज घरी फोन केलात की एवढं सांगाच!