पाटील एस. आणि मेंदूतली खरखर

मार्च उजाडला की एरवी ग्रंथालयाची पायरी न चढणारे प्राध्यापकही आमच्याकडे दिसू लागतात. काखेत पदोन्नतीची फाईल, चेहऱ्यावर बारावीच्या पोरासारखी धाकधूक. "भाऊसाहेब, तेवढा एच-इंडेक्स काढून द्या ना." जळगावात ग्रंथालयाच्या टेबलामागे बसून मी असे कितीतरी आकडे काढून दिलेत.

त्यातलाच एक किस्सा वनस्पतिशास्त्राच्या सरांचा. सर मूळचे धुळ्याचे. त्यांचं नाव टाकलं, पाटील एस., आणि पडद्यावर यादी आली. केळीच्या करप्यावरचे दोन निबंध सरांचेच होते. खाली मात्र मेंदूच्या एमआरआयवरचे सात! खान्देशात दगड भिरकावला तर तो पाटलालाच लागायचा, नाहीतर चौधरी-महाजनांना. त्या बिचाऱ्या संगणकाला ते काय ठाऊक? सातबाऱ्यावर सगळी भाऊबंदकी चढावी तसे त्याने दोन पाटील एकाच खात्यावर चढवले होते. या घोळावर उपाय म्हणून 2012 पासून संशोधकांना 'ऑर्किड' (ORCID) नावाचा सोळा अंकी ओळख क्रमांक मिळतो, आधारपेक्षा चार आकडे जास्त. सरांनी तो घेतलेला नव्हता.

सर क्षणभर गप्प. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "राहू द्या ना तेही. कोण बघतंय?"

खात्यावर एच-इंडेक्स पाच दिसत होता. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये ही मोजणी सुचवली. पाच निबंधांचा प्रत्येकी किमान पाच वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा अंक पाच. यातली गंमत अशी, की एखाद्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि जगाने तो हजार वेळा उद्धृत केला, तरी त्याचा अंक एकच!

सर चहाला गेले आणि मी ते मेंदूवाले निबंध उघडले. विषय कळायची बोंब, पण संदर्भयाद्या वाचायची आमची जुनी खोड. बहुतेक याद्यांत एक नाव होतंच: बिस्वाल, 1995.

भरत बिस्वाल तेव्हा अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात पीएच.डी. करत होते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथल्या रक्तातला प्राणवायू बदलतो आणि एमआरआयच्या संकेतातही फरक पडतो, एवढं कळून थोडीच वर्षं झाली होती. माणसाला यंत्रात झोपवायचं, बोटं हलवायला सांगायची आणि कुठला भाग उजळतो ते टिपायचं, अशी तेव्हाची रीत. त्या संकेतात खरखर फार. ती कमी कशी करायची, हे काम बिस्वालांकडे आलं. त्यासाठी त्यांनी माणूस नुसता पडून असतानाची खरखर तपासली. आणि काय दिसावं? बोटं स्वस्थ, तरी मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे हालचालीचे भाग एकाच लयीत हळूहळू वरखाली होत होते. एका हेलकाव्याला दहा सेकंदांहून जास्त.

त्यावरचा निबंध 1995 मध्ये छापून आला. हा श्वासाचा नाहीतर नाडीचा परिणाम असेल, अशी शंका पुढं कितीतरी दिवस निघत राहिली. आज मात्र विश्रांत मेंदूवरचं बहुतेक एमआरआय संशोधन त्या निबंधापाशी येऊन टेकतं, आणि त्याचे उल्लेख हजारोंनी झालेत. झाडून टाकायला दिलेल्या केरातून निघालेला हा ऐवज! जळगावच्या सराफ बाजारात दुकानापुढची माती विकत घेऊन त्यातले सोन्याचे कण धुऊन काढणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही.

पुढं 2010 मध्ये याच बिस्वालांनी अनेकांना सोबत घेऊन 35 केंद्रांतल्या 1,414 लोकांच्या मेंदूची मोजमापं सगळ्यांसाठी खुली केली. हे वाचलं आणि मला धुळं आठवलं. इतिहासाचार्य राजवाड्यांचं शेवटचं वास्तव्य तिथलंच, 31 डिसेंबर 1926 ला तिथंच ते गेले. माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडलेले, कधी वाण्याच्या पुड्यांना जायचे ते जुन्या पत्रांचे रुमाल त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळवले आणि 1898 पासून बावीस खंडांत ती अस्सल पत्रं छापून टाकली. त्यांच्या कितीतरी निष्कर्षांवर पुढच्या अभ्यासकांनी कडाडून टीका केली, पण टीका करतानाही तळटीप 'राजवाडे खंड' अशीच द्यावी लागली. राजवाड्यांचा एच-इंडेक्स काढायला मला कुणी सांगितलं नाही म्हणून बरं.

सर परतले, त्यांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. राजवाड्यांचं नाव निघताच धुळेकर जरा ताठ बसले. चहाचा डाग पडलेली फाईल त्यांनी उगाच उघडून मिटली.

"काढा ते सात," म्हणाले.

दुरुस्तीचा अर्ज भरला. काही आठवड्यांनी खातं उघडलं तर पाचाचे दोन झालेले. सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "दोन तर दोन," ते म्हणाले, "पण केळीचे आहेत ना?"