बॉल म्हातारा नाही झाला, तेल प्यायलाय!

आजचा विषय छोटा आहे, पण थेट खिशाला लागणारा. इथे न्यू जर्सीत आमच्या बोलिंग लीगमध्ये दर सीझनला कोणीतरी म्हणतंच, "बॉल वळत नाही रे आता, नवीन घेतो." म्हणजे शंभर-दीडशे डॉलर गेले! मी म्हणतो, थांब, आधी त्याला आंघोळ घाल.

होतं काय, तर ६० फुटांच्या लेनवर पहिले साधारण ४० फूट मिनरल ऑइलचा पातळ थर असतो. बॉल तिथे घसरतो, पुढे कोरड्या भागात पकड मिळाली की वळतो. १९९०च्या दशकात आलेल्या रिॲक्टिव्ह रेझिन बॉलला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. पकड देण्यात त्यांचा हात असतो, आणि तेलही तिथूनच आत शिरतं. (सेंटरवरचे भाड्याचे बॉल बहुतेक प्लॅस्टिकचे. ते तेल पीत नाहीत, त्यांचं टेन्शन सोडा.)

म्हणून प्रत्येक थ्रोनंतर मायक्रोफायबरने पुसा. गेम संपला की बॅगेत टाकायच्या आधीच आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. घरी जाऊन बघू म्हटलं, की तेल आत मुरलंच. स्पर्धा खेळत असाल तर एक लक्षात ठेवा: यूएसबीसीच्या सामन्यांत ऑगस्ट २०१९मध्ये खेळ चालू असताना फक्त कोरडा टॉवेल, लिक्विड नाही, असा नियम आला होता; सध्याचा नियम आधी तपासून घ्या.

आता आत मुरलेल्या तेलाचं काय? बोटांच्या भोकांवर वॉटरप्रूफ टेप लावा. बादलीत ५० ते ५५ अंश सेल्सिअसचं पाणी घ्या, थर्मामीटरने मोजून, अंदाजपंचे नाही. भांड्यांचं लिक्विड सोप घाला, वीसेक मिनिटं ठेवा. उष्णतेने तेल पातळ होऊन बाहेर येतं, पाण्यावर तवंग दिसतो. बॉल पुसा, पाणी बदला, तवंग येईनासा होईपर्यंत पुन्हा. १० पाउंडांचा बॉल तरंगतो, तो मधूनमधून फिरवत राहा.

ओव्हन, डिशवॉशर असले जुगाड मात्र अजिबात नकोत. आतला कोअर आणि वरचं कवच वेगवेगळ्या वेगाने फुगतं, बॉल तडकतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतही तोच धोका.

एवढं करूनही वळण परत आलं नाही, तर पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो. मग प्रो शॉपमध्ये सँडिंग करून घ्या. नव्या बॉलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.