गोऱ्हा कधी जुंपायचा?

माघ पौर्णिमेच्या यात्रेत धनेगावहून कचारगडाची चढण सुरू होते, तिथे पाच दिवसांपुरत्या चहाच्या टपऱ्या उभ्या राहतात. यंदा त्यातल्या एका टपरीवर मी दोन-अडीच तास अडकलो आणि गुहेपर्यंत गेलोच नाही. बायको वर जाऊन दर्शन घेऊन खाली आली तरी मी तिथेच. कारण होतं एक पोरगं.

पोरगं म्हणजे आमच्या सालेकसा तालुक्यातला बारावीचा, कबड्डीतला एक चढाईपटू. नाव लिहीत नाही, त्याला आधीच लोकांचं बोलणं पुरेसं झालंय. उंची बरी, पाय कोळ्यासारखे लांब, वजन ५७ किलो. बोनस घेताना त्याचा मागचा पाय उचललेला पंचालाही दिसत नाही इतका चपळ. बारावीनंतर गोंदियाच्या एका कॉलेजात जायचं ठरलेलं. तिथल्या क्रीडा शिक्षकांनी त्याला एका गावच्या सामन्यात पाहिलं होतं आणि येताच विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरवतो असा निरोप धाडला होता. त्यावरून टपरीवर दोन तट पडलेले.

मी एकतीस वर्षं आश्रमशाळेत पीटी शिकवली. त्यामुळे बाकड्यावर टेकतो न टेकतो तोच रेल्वेत गँगमन असलेला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "जय सेवा, गुरुजी. आता तुमीच सांगा. पोट्ट्याले यंदा खेळवाचं का बसवून ठेवाचं?"

"बसवाचं काहून?" दुसरा म्हणाला. "चालते पोट्टा तं चालू द्या ना. उद्या पाय मोडला तं कोण इचारते?"

"म्हूनच तं बसवाचं. पाय मोडू नये म्हून."

खुर्चीवर बसलेले एक पाटील शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, जुने शौकीन. जोड्या पळवून त्यांचे केस पांढरे झालेत. ते शांतपणे म्हणाले, "गोऱ्हा दोन दाती होऊ द्या. आदत गोऱ्हा दाणीत घातला तं एक डाव सुटते, मंग जल्मभर बिचकते."

आमच्याकडे बैलाचं वय दातांवरून मोजतात. दुधाचे दात न पडलेला तो आदत, पुढचे दोन पक्के आले की दोन दाती. दाणीवर, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवर, उभ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माणसाच्या पोराचे दात मात्र असे उघडून बघता येत नाहीत, तिथून सगळा घोळ सुरू होतो.

माझा भाचा अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याने मला सांगितलं होतं, "मामा, आमच्याकडे या भांडणाला एक नावच आहे. रेडशर्ट." तिथल्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे सामने लोक आपल्याकडच्या आयपीएलसारखे बघतात, आणि नवा पोरगा कॉलेजात आला की चाहत्यांची हीच तंडातंडी सुरू होते. याला यंदा उतरवावं की लाल सदरा घालावा? लाल सदरा घातलेला पोरगा संघाबरोबर सराव करतो, जिममध्ये घाम गाळतो, वर्गात बसतो, संघाबरोबरच जेवतो. सामना मात्र खेळत नाही. वर्षभर एकही नाही.

हे मी टपरीवर सांगितलं, तर गँगमन हसला. "लाल सदरा घालून तं गोंदियाच्या ठेसनावर हमाल राहते, गुरुजी."

हसण्यासारखंच आहे. पण शब्दामागची गोष्ट खरी आहे. १९३७ साली नेब्रास्का विद्यापीठात वॉरन आल्फसन नावाचा फुटबॉलपटू होता. त्याच्या जागेवर आधीच तयार गडी होते. तो म्हणाला, यंदा मला नुसता सराव करू द्या, सामन्यात घेऊ नका. सरावाला त्याच्या अंगात नंबर नसलेला लाल सदरा असायचा. तेव्हापासून हे नाव पडलं, असं सांगतात.

नियम समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्या भांडणाची गोम तिथेच आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी एनसीएए नावाची संस्था आहे. तिच्या वरच्या श्रेणीत अनेक वर्षं चालत आलेला हिशेब असा: कॉलेजात पाऊल ठेवलं की पाच वर्षं, आणि त्या पाचांत चार हंगाम खेळायचे. म्हणजे एक वर्ष हातात शिल्लक. ते बसून काढलं तरी चार हंगाम शाबूत राहतात. बास्केटबॉलमध्ये मात्र एका सामन्यात मिनिटभर उतरलं तरी तो हंगाम खर्ची पडला असं धरतात, दुखापतीची सवलत वेगळी. म्हणून प्रशिक्षकाला आधीच ठरवावं लागतं. आणि चाहते त्याच्या डोक्यावर बसतात, कारण त्यांना पोरगं आत्ता बघायचं असतं.

भाच्याच्या घरापासून जवळ व्हिलानोवा विद्यापीठ आहे. तिथे मिकाल ब्रिजेस नावाचा सडपातळ पोरगा आला. २०१४-१५ चा अख्खा हंगाम त्याला बसवून ठेवलं. पुढे २०१६ आणि २०१८, दोन्ही वर्षी व्हिलानोवाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं तेव्हा तो संघात होता, आणि २०१८ मध्ये एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, निवडीत त्याला दहावा क्रमांक मिळाला. थांबावं म्हणणारे त्याचं नाव घेतात. आपल्या देशातलं उलटं उदाहरण सतनाम सिंगचं. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा सात फुटांहून उंच पोरगा कॉलेजचा एकही हंगाम न खेळता २०१५ मध्ये थेट एनबीएच्या निवडीत गेला. डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं, एनबीएत निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. पण एनबीएचा सामना काही त्याच्या वाट्याला आला नाही. चार वर्षं कॉलेजात काढली असती तर काय झालं असतं, यावर कुणी पैज लावू नये.

टपरीवर ही नावं कुणालाच माहीत नव्हती. सचिन मात्र सगळ्यांना माहीत होता. म्हणून मी त्यांना सचिनचा लाल सदरा सांगितला. १९८७ च्या नोव्हेंबरात १४ वर्षांचा सचिन मुंबईच्या रणजी संघात निवडला गेला होता. त्या हंगामात त्याला अकरांत घेतलं नाही. राखीव क्षेत्ररक्षक म्हणून पळायचा, मोठ्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये बसायचा. ११ डिसेंबर १९८८ ला गुजरातविरुद्ध वानखेडेवर उतरवला आणि पहिल्याच सामन्यात नाबाद १०० केल्या. त्या मोसमात त्याच्या ५८३ धावा झाल्या. लगेच १९८९ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्याच्या नावाची चर्चा झाली, पण मार्शल, वॉल्श, अँब्रोज यांच्यापुढे या वयात नको, असं निवड समितीने ठरवलं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला तो कराचीत कसोटी खेळत होता. लोकांना वाटतं सचिनला झपाट्याने वर नेलं. नेलं खरं, पण दोनदा हात धरून थांबवलंही.

"म्हंजे बसवाचं," पाटील म्हणाले.

"सचिनच्या घरी तांदूळ भरायची चिंता नोती," गँगमन म्हणाला, आणि मला गप्प बसवलं.

कारण त्या क्षणी मला माझी दोन पोरं आठवली.

पहिला नव्वदच्या दशकातला. पंधरा वर्षांचा, पकडीत वाघ. शेजारच्या गावात खुल्या गटाचा सामना होता आणि आमच्या गावच्या संघात एक गडी कमी. आयोजकांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. मोह झाला, दुसरं काय. समोर पंचाहत्तर-ऐंशी किलोचे तयार गडी. तिसऱ्या चढाईला याने घोटा धरला, वरून दोघे पडले. गुडघ्यातून आलेला आवाज मी रेषेच्या बाहेरून ऐकला. वाळक्या काटकीसारखा. पुढे तो बरा झाला, चालतो, शेती करतो. रोवणीला वाकताना उजवा पाय लांब ठेवून वाकतो. बांधावरून जाताना मला ते दिसतं आणि मी दुसरीकडे बघतो. सतरा-अठरापर्यंत पोराचं हाड लांबीला वाढत असतं, गाठीचे दोर पक्के व्हायचे असतात, ही पुस्तकातली ओळ मी बी.पी.एड.ला पाठ केली होती. त्या संध्याकाळी ती आठवली नाही.

दुसरी मुलगी होती, धावणारी. दहावीत होती. पहिल्याचं ओझं डोक्यावर असल्याने तिला मी जपली. म्हटलं, यंदा मोठ्या गटात नको, अंगात थोडं रक्त भरू दे, पुढच्या वर्षी नागपूरला विभागीय स्पर्धेला तुलाच नेतो. तिने मान डोलावली. दहावीनंतर वसतिगृहात जागा मिळेपर्यंत घरी राहिली. एप्रिलात मोहफुलं वेचली, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला, जूनमध्ये तिचं लग्न झालं. मी तिला जे वर्ष थांबायला सांगितलं, ते वर्ष कुणीच राखून ठेवलं नव्हतं.

अमेरिकेचा नियम मी टपरीवर सांगितला खरा, पण आपल्याकडे तो जसाच्या तसा चालत नाही याचं कारण हेच. तिथे हंगाम मोजतात, आपल्याकडे वय. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वरची मर्यादा २५ वर्षांची. कबड्डीच्या कुमार गटाला वयाबरोबर वजनाचीही अट, त्यामुळे वजनाच्या दिवशी सकाळी स्वेटर घालून मैदानाला चकरा मारणारी उपाशी पोरं मी किती बघितली. तुम्ही खेळा नाहीतर बसा, घड्याळ चालूच राहतं. बसून काढलेलं वर्ष पुढे कुठे जोडून मिळत नाही. म्हणून लोकांनी आपला देशी लाल सदरा काढलाय: पोराला बारावीत मुद्दाम एक वर्ष राखायचं, म्हणजे एकोणीसच्या आत आणखी एकदा राष्ट्रीयला जाता येतं. आणि तारखांचं काय सांगू! जुन्या दाखल्यांत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. बापाने विचारलं तर सांगायचा, "रोवणीच्या टायमाले झाला जी," आणि गुरुजी शाळा उघडायच्या हिशेबाने तारीख टाकायचे. अशा १ जूनच्या पोराचं खरं वय त्याच्या आईशिवाय कुणाला ठाऊक नसतं.

बापांना घाई असते तीही समजून घ्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागतं स्पर्धेचं प्रमाणपत्र. सरावाचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून तर प्रत्येक गावात एका पोराचा बाप टीव्हीतल्या लिलावाकडे डोळे लावून असतो. आमच्या चढाईपटूचा बाप टपरीच्या खांबाला टेकून उभा होता. इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता.

बोलली ती टपरीवालीची सासू. भज्यांच्या कढईमागे बसली होती. तिने हाताने वर डोंगराकडे दाखवलं आणि गोंडी मिसळलेल्या मराठीत गोंडांची जुनी कथा सांगितली ती अशी. त्या गुहेत तेहतीस पोरं कोंडली होती. जंगो रायताड त्यांच्यासाठी तळमळली, हिरासुकाने किंगरी वाजवली, तेव्हा कुठे दारावरची शिळा हटली. पोरं बाहेर आली. मग गुरू पारी कोपार लिंगोने काय केलं? लगेच चहूकडे पळवलं का? आधी आपल्याजवळ ठेवलं. खाऊ घातलं, शिकवलं. मग धाडलं. "ठेवाचं तं ठेवा," ती म्हणाली, "पन ठेवते तो खाऊ घालते."

इतकी वर्षं मी यात्रेत ही कथा ऐकत आलो. तिच्यात प्रशिक्षकाचं काम सांगितलंय हे मला कढईच्या धुरात कळलं.

त्यानंतर मी माझं मत दिलं. पोराला पहिल्या वर्षी सामन्यात उतरवू नये. पण घरीही बसवू नये. बसवायचं तर कॉलेजच्या संघात, रोज मॅटवर, आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय आधी करून. ती होत नसेल तर खेळू द्या, निदान प्रमाणपत्र तरी हाती येईल. पाटलांना हे अर्धवट वाटलं. गँगमन म्हणाला, "खर्च किती?" मग टपरीवरच, भज्यांच्या कागदावर, हिशेब झाला. खोली, मेस, रोज दोन अंडी, एक केळं, पास. पाच जणांनी महिन्याचा वाटा उचलला. त्यात पाटीलही आले, कुरकुरत. कॉलेजच्या सरांना मीच फोन केला. ते आधी नाराज झाले, मग म्हणाले, दिवाळीपर्यंत सराव, नंतर बघू. बाप तेव्हा पहिल्यांदा बोलला. "अंडे कच्चे का शिजवून?" एवढंच विचारलं.

हे लिहितोय तेव्हा पोळा आठवड्यावर आलाय. काल गोंदियाला गेलो होतो. पोराला मेसच्या शेजारच्या किराणा दुकानात नेलं आणि धान्याच्या काट्यावर उभं केलं. ६१ किलो भरला.